इमारतीच्या सावलीतली हिरवळ आणि शेवाळ: पुण्यातल्या एका सोसायटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी असलेली ही सोसायटी वीस-बावीस वर्षांची आहे. इमारती तीन, प्रत्येकी पाच मजली. पहिल्या इमारतीच्या उत्तरेला सगळ्यांची सामायिक हिरवळ: पूर्व-पश्चिम ८० फूट, दक्षिणोत्तर ६० फूट. वायव्य कोपऱ्यात एक मोठा वर्षावृक्ष, आणि इमारतीला लागून, नैर्ऋत्येला, बांधकामाच्या आधीपासून उभा असलेला आंबा. सोसायटीची ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. माती, ऊन आणि पाण्याच्या गोष्टी आहेत तशा ठेवल्या आहेत, कारण प्रकरणाचा सगळा जीव त्यांतच आहे.

बिल्डरने ताबा दिला तेव्हा इथे सिलेक्शन वन, म्हणजे हरळीचीच निवडक जात, लावलेली होती. ती तीन-चार वर्षांत विरळ होत गेली. पुढे कमिटीने सगळं गवत काढून मेक्सिकन लॉनचं कार्पेट अंथरून घेतलं. ठेकेदार मे महिन्यात जागा पाहायला आला. भर दुपारी संपूर्ण पट्ट्यावर लखलखीत ऊन होतं. "ऊन भरपूर आहे, काही काळजी नको," असं तो म्हणाला आणि त्या क्षणी ते खरंही होतं. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या पावसाळ्यापासून इमारतीकडच्या बाजूने गवत मागे हटायला लागलं आणि त्या जागी हिरवा मऊ थर चढायला लागला.

अडचण काय होती

माझ्याकडे विषय आला तो गवत वाईट दिसतं म्हणून आला नव्हता. ऑगस्टमध्ये सकाळी फिरायला निघालेल्या एक आजी हिरवळीच्या कडेच्या पायवाटेवर घसरल्या आणि त्यांच्या मनगटाचं हाड मोडलं. तोवर "माळी लक्ष देत नाही" या सदरात जमा असलेली तक्रार एकदम कमिटीच्या बैठकीत पहिल्या क्रमांकावर आली.

पहिला उपाय लगेच झाला होता: शेवाळावर ब्लीचिंग पावडर. दोन दिवसांत शेवाळ पांढरं पडलं, सोबत उरलंसुरलं गवतही जळालं, आणि पुढच्या सरींनंतर मोकळ्या झालेल्या मातीवर शेवाळ आधीपेक्षा जोमाने परत आलं. मग सुचवण्या सुरू झाल्या. कोणी म्हणे मोरचूद मारा, कोणी म्हणे चुना टाका, कोणी म्हणे आंबाच काढा. सेक्रेटरींनी इंटरनेटवरून छापून आणलेल्या कागदांत चुन्याचा सल्ला ठळक केलेला होता.

दर वर्षी फसगत करणारी गोष्ट म्हणजे उन्हाळा. मार्च-एप्रिलमध्ये शेवाळ वाळून तपकिरी भुकटी होतं आणि जमीन नुसती उघडी दिसते. मग वाटतं, शेवाळ गेलं, आता गवत लावलं की झालं. पण ते गेलेलं नसतं. शेवाळाला खरी मुळं नसतात, पाणी ते अंगानेच शोषतं, महिनोन्‌महिने कोरडं पडून राहतं आणि जूनच्या पहिल्या सरींत पुन्हा हिरवं होतं. गवताला ते मारतही नाही. गवताने सोडलेली जागा ते घेतं.

पाहणीत काय दिसलं

सप्टेंबरमध्ये आम्ही इमारतीकडच्या बाजूला खुरप्याने एक वीतभर चौकोन उचलला. वरचा हिरवा थर सालीसारखा सुटून आला. त्याखाली काळपट, गुळगुळीत माती, तिला आंबूस वास. गवताची मुळं जेमतेम दीड इंच. ती जिथे थांबली तिथे कार्पेटसोबत आलेल्या चिकणमातीचा थर होता, आणि त्याच्या खाली विटांचे तुकडे, फरशीच्या चिपा, सिमेंटचे गोळे आणि दाबून बसवलेला मुरूम. बांधकामाचा राडारोडा सपाट करून त्यावर चार इंच लाल माती पसरली होती. अशा जागा पुण्यात पुष्कळ आहेत.

सोसायटीचे माळीमामा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "इथं पाणी मुरतच नाही हो साहेब. पाऊस थांबला तरी दोन-दोन दिवस चिखल. आणि ते वरचं पाणी बघा." त्यांनी बोट दाखवलं तिकडे गच्चीवरचा पावसाच्या पाण्याचा पाइप थेट हिरवळीच्या कडेला तोंड उघडून होता. अख्ख्या गच्चीच्या एका बाजूचं पाणी या पट्ट्यावर उतरत होतं. मामांनी हे आधीही सांगितलेलं होतं. कोणी लिहून घेतलं नव्हतं.

आम्ही एक फूट खोल खड्डा घेऊन पाण्याने भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात अजून पाणी होतं. त्यात भर म्हणजे मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी रोज संध्याकाळी फवाऱ्याने सोडलं जाई. त्या पाण्यात नत्र-स्फुरद असतं आणि रात्रभर पृष्ठभाग ओला राहतो. पायवाटेवरचा घसरडा, जेलीसारखा थर मॉसचा नव्हताच. तो नॉस्टॉकसारख्या निळ्या-हिरव्या शैवालाचा होता. आजी घसरल्या त्या यावरून. मातीवरचं मखमली मॉस पायाखाली बरंच कमी घसरतं. दोन्हींना आपण शेवाळच म्हणतो, पण कशावर आधी हात घालायचा हे ठरवताना हा फरक उपयोगी पडला: पायवाट पहिली, हिरवळ नंतर.

मातीचा नमुना प्रयोगशाळेत दिला. सामू (पीएच) ७.९ आला, म्हणजे माती अल्कधर्मी. चुन्याचा विषय तिथेच संपला. थंड, पावसाळी देशांत जमीन आम्ल असते, तिथे शेवाळ म्हटलं की चुना हे समीकरण काही प्रमाणात चालतं. आपल्याकडे दख्खनच्या काळ्या खडकापासून बनलेली माती मुळात अल्कधर्मी. तिच्यात चुना घालणं म्हणजे गवताला लोह मिळणं आणखी अवघड करणं. कोकणात, जांभ्याच्या आम्ल जमिनीत, हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवावा लागेल. पुण्यातला मजकूर सावंतवाडीत जसाच्या तसा वापरू नये, आणि उलटही.

उरला प्रश्न उन्हाचा. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्या दोन्हींच्या मधल्या काळात तो किंचित उत्तरेकडेच असतो. ठेकेदाराला मेमध्ये ऊन दिसलं ते यामुळे. डिसेंबरच्या शेवटी मात्र भर दुपारी सूर्य क्षितिजापासून अंदाजे ४८ अंशांवरच चढतो. पन्नास फूट उंच इमारतीची सावली तेव्हा ४५ फूट पडते. हिरवळ ६० फूट. म्हणजे थंडीत दुपारचं ऊन मिळतं ते फक्त पलीकडच्या पंधरा फुटांना. आणि ज्या महिन्यांत सूर्य या जागेला अनुकूल असतो, त्यांतले जून-जुलै ढगांत जातात.

आकडेमोड बरोबर असली तरी लोकांना ती पटवावी लागते. म्हणून कमिटीला डिसेंबरपर्यंत थांबायला सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त काकांनी बाल्कनीतून सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर तासाला एक फोटो काढला. खाली मामांनी सावलीच्या कडेवर चुन्याच्या फक्कीने खुणा केल्या. संध्याकाळी जमिनीवर तीन पट्टे स्पष्ट दिसत होते: उत्तरेकडे सहा तासांच्या आसपास ऊन, मध्ये तीन-चार तास, आणि इमारतीलगत व आंब्याखाली तासभरही नाही.

याच पाहणीत एक गोष्ट सर्वांच्या नजरेत आली. वर्षावृक्षाखालचं गवत बरं होतं, आंब्याखालचं गेलेलं होतं. सावलीसावलीत फरक असतो. वर्षावृक्षाची पानं संध्याकाळी आणि ढगाळ हवेत मिटतात, त्याची सावली चाळणीतल्यासारखी झिरपते, शिवाय तो शेंगावर्गीय. आंबा बाराही महिने गच्च.

विचारात घेतलेले पर्याय

पुन्हा कार्पेट अंथरणं हा सर्वांत लोकप्रिय पर्याय होता, कारण तो आठवड्यात होतो आणि फोटोत चांगला दिसतो. पण सिलेक्शन वनला दिवसाला सहा-आठ तास थेट ऊन लागतं. मेक्सिकनला त्याहून कमी चालतं, पण तासाभरावर तेही जगत नाही. माती आणि पाणी तसंच ठेवून तिसरं कार्पेट आणलं असतं तर त्याचं भवितव्य दुसऱ्यासारखंच झालं असतं.

आंबा तोडावा, असं म्हणणारे चार-पाच जण होते आणि ते तावातावाने म्हणत होते. इथे मी माझं मत लपवलं नाही. गवतासाठी पन्नाशीकडे झुकलेलं झाड पाडणं मला मान्य नाही. कायद्याचाही प्रश्न होताच. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून जास्त संरक्षण आहे. पण खरा मुद्दा काकांच्या फोटोंनी मिटवला. आंबा नसता तरी डिसेंबरची सावली इमारतीचीच होती.

कृत्रिम हिरवळीचं कोटेशन एका सदस्याने आणलं. उन्हाच्या पट्ट्यात ती उन्हाळ्यात पाय भाजेल इतकी तापते, सावलीत ओल धरते आणि तिच्यावरही मॉस उगवतं. आंब्याची पानं, मोहोर आणि फळं पडणार ती वेगळीच. पेव्हर ब्लॉकचा पर्यायही आला. मुळांवरची जमीन झाकली गेली असती, पाणी मुरायची उरलीसुरली जागा गेली असती, आणि सावलीतल्या ओल्या ब्लॉकवर शैवाल धरतंच. घसरण्याचा प्रश्न मोठ्या जागेवर पसरला असता.

शेवटचा पर्याय होता जागा वाटून घेण्याचा: जिथे ऊन आहे तिथे हिरवळ, मध्ये सावली सोसणारं गवत, आणि इमारतीलगत गवताचा नादच सोडून सावलीतली झाडं व पाचोळा. अवघड होतं ते हे शेवटचं. जागेच्या जवळजवळ तिसऱ्या भागावर हिरवळ नसेल, हे सभेत मान्य करून घ्यायचं होतं. "फ्लॅट घेताना ब्रोशरमध्ये आम्हाला लॉन दाखवलं होतं," असं एक ताई म्हणाल्या आणि त्यांचं चूक नव्हतं. त्यांची मुलं तिथे खेळत. चर्चा गवतावरून हलून "या जागेवर कोण काय करतं" इकडे वळली, तेव्हा वाट सापडली. मुलं खेळतात ती जागा उत्तरेकडे न्यायची, तिथली फुलझाडांची कुंडी-रांग हलवायची. ज्येष्ठांचे बाक मधल्या पट्ट्यात. इमारतीलगत कोणी बसत नाही, फक्त जा-ये होते. ठराव झाला.

काय केलं

क्रम जाणीवपूर्वक ठेवला: आधी पाणी, मग माती, मग गवत. फेब्रुवारीत गच्चीचा पाइप चार इंची पीव्हीसीने वळवून आवारातल्या पुनर्भरण खड्ड्याला जोडला. इमारतीच्या कडेने दीड फूट खोल चर खणून खडीने भरला, आंब्याच्या बुंध्यापासून बराच लांब ठेवून. पायवाटेवरच्या गुळगुळीत फरश्या काढून खडबडीत काळे दगड, मधे फट सोडून बसवले. फवारा बंद, पाणी सकाळी, पाइपने, गरजेपुरतं.

मार्चमध्ये मधला पट्टा सहा इंच खणला. घमेल्या-घमेल्याने राडारोडा निघाला. पहारीशिवाय तो सुटत नव्हता. भरावात माती आणि चांगलं कुजलेलं कंपोस्ट घातलं. इथे एक निर्णय महत्त्वाचा होता. ठेकेदार मातीत वाळू मिसळू म्हणत होता. चिकणमातीत थोडी वाळू मिसळली की ती भुसभुशीत व्हायच्या ऐवजी कडक होते. म्हणून वाळू फक्त उत्तरेच्या पट्ट्यात, टोकदार सळईने पाडलेल्या उभ्या भोकांत भरली. आंब्याखाली खणणं पूर्ण टाळलं, कारण त्याची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच असतात. तिथे दोन इंच पाचोळ्याचं खत पसरलं, बुंध्याला न टेकवता.

लावणी कधी करायची यावर बराच खल झाला. मामांचा कल जूनकडे होता. पाऊस आला की पाणी घालावं लागत नाही. सावलीच्या जागेत मला हे धोक्याचं वाटलं. जूनमध्ये लावलेलं गवत मूळ धरायच्या आत ढगाळ हवेत आणि चिखलात सापडतं. शुद्ध केलेलं पाणी उन्हाळ्यातही उपलब्ध होतं, तेव्हा एप्रिलच्या मध्यात लावणी केली, म्हणजे पावसाआधी जवळजवळ दोन महिने मिळाले. मधल्या पट्ट्यात रुंद पानांचं, जमिनीवर सरपटत जाणारं 'कार्पेट ग्रास' नावाचं गवत सहा-सहा इंचांवर चिमटीने लावलं. नर्सरीत ते बहुधा बफेलो म्हणून मिळतं, पण त्या नावाखाली दोन-तीन वेगळी गवतं विकली जातात. रोपं सावलीत वाढलेली आहेत का, हे प्रत्यक्ष पाहून घेतलं. इमारतीलगत ऑफिओपोगॉन आणि क्लोरोफायटम ही गवतासारख्या पानांची, सावलीत वाढणारी झाडं, आणि नेचे. वेडेलिया ही पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी वेल स्वस्त आणि झटपट होती, पण ती आवार सोडून टेकडीच्या नाल्यात उतरली असती. टेकडी इतकी जवळ असताना ती नको, असं ठरलं.

आंब्याच्या खालच्या फांद्या छाटायला महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज केला होता. परवानगी मेमध्ये मिळाली. फळं उतरवून जूनच्या पहिल्या आठवड्यात नऊ-दहा फुटांखालच्या फांद्या काढल्या, कापांवर बुरशी लागू नये म्हणून बोर्डोपेस्ट लावली. वरचा घेर तसाच ठेवला. सकाळचं तिरपं ऊन आणि वारा आत यायला लागला, ओल लवकर वाळायला लागली.

कापणीवर मी सर्वांत जास्त आग्रह धरला. पूर्वी गवत इंचभर भादरलं जाई, गालिच्यासारखं दिसावं म्हणून. सावलीत पान हाच गवताचा कमावता भाग. तोच कापला तर ते खाणार काय? मशिनची चाकं वरच्या खाचेत लावून मधल्या पट्ट्यात तीन इंच ठेवलं, आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही असं ठरवलं. सावलीतल्या भागाला खत उत्तरेच्या निम्मं. जादा नत्राने सावलीतलं गवत नुसतं लुसलुशीत होतं आणि बुरशीला बळी पडतं.

जुलैच्या उघडिपीत मधल्या पट्ट्यात शेवाळाचे ठिपके दिसले. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात विरघळवून चौरस मीटरला साधारण दहा ग्रॅम या हिशोबाने झारीने दिली, फरशीवर थेंब पडू न देता, कारण गंजाचे डाग निघत नाहीत. मुद्दाम अर्धा भाग तसाच ठेवला. दिलेल्या भागातलं शेवाळ काही दिवसांत काळं पडलं, दाताळ्याने ओढून काढलं.

पावसाळ्यानंतर

ऑक्टोबरमध्ये उत्तरेचा पट्टा दाट होता आणि मुलांनी तो ताब्यात घेतला होता. मधल्या पट्ट्यात सुमारे तीन चतुर्थांश जमीन झाकली गेली. बाकांसमोर पायांनी घासून टक्कल पडलं, तिथे पुढे दगड टाकले. हिराकस दिलेल्या आणि न दिलेल्या भागांत तोवर डोळ्यांना फरक दिसत नव्हता. पाणी मुरायला लागल्यावर आणि गवताने पसरायला सुरुवात केल्यावर शेवाळ आपोआप हटलं होतं. पुढच्या वर्षी हिराकस आणायची नाही, हे मामांनीच सांगितलं.

इमारतीलगत ऑफिओपोगॉन सावकाश वाढतं, त्यामुळे रोपांमधल्या फटी दिसत होत्या. पाचोळ्यात गोगलगायी झाल्या आणि नेच्यांची पानं कुरतडली गेली. रात्री बॅटरी घेऊन वेचण्यापलीकडे तूर्त काही केलेलं नाही. भिंतीच्या पायाशी, जिथे कोणाचं पाऊल पडत नाही, तिथे मॉसचा पट्टा राहिला. तो तसाच ठेवला. पायवाटेवर त्या पावसाळ्यात कोणी घसरलं नाही.

ब्रोशरचा मुद्दा काढणाऱ्या ताई आजही म्हणतात की पूर्वीसारखं सलग लॉन जास्त छान दिसत होतं. ते खरं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

दुसरं कार्पेट अंथरण्याआधी खड्ड्यात पाणी भरून पाहणं आणि माती तपासणं सहज शक्य होतं. त्याला लागणारा खर्च कार्पेटच्या तुलनेत नगण्य होता. गच्चीचा पाइप तर त्याहीआधी वळवता आला असता. तेवढ्याने कदाचित निम्मा प्रश्न हलका झाला असता आणि आजींचं दुखणं टळलं असतं. सोसायट्यांमध्ये माळ्याला सभेला बोलावण्याची पद्धत नाही. इथे पुढे ती सुरू झाली.

छाटणीचा अर्ज डिसेंबरच्या पाहणीनंतर लगेच करायला हवा होता. तो मार्चमध्ये गेला, त्यामुळे लावणी झाली तेव्हा खालच्या फांद्या तशाच होत्या आणि आंब्याजवळची काही गवताची ठोंबं पहिल्या महिन्यातच मेली. ऑफिओपोगॉनही एप्रिलऐवजी जूनमध्ये लावलं असतं तर चाललं असतं. त्याला ढगाळ हवेचा त्रास नाही आणि उन्हाळ्याचं पाणी वाचलं असतं. शुद्ध केलेल्या पाण्यातल्या क्षारांची तपासणी अजून झालेली नाही. अल्कधर्मी जमिनीत तेच पाणी वर्षानुवर्षं गेलं तर पुढच्या काही वर्षांत पानं पिवळी पडण्याची तक्रार येऊ शकते, म्हणून ती या उन्हाळ्याआधी करायचं ठरलं आहे.

दुसऱ्या इमारतीच्या मागेही असाच पट्टा आहे, रुंदीला जेमतेम चाळीस फूट. तिथे कार्पेट अंथरायचा प्रस्ताव आला होता. कमिटीने तो डिसेंबरच्या फोटोंपर्यंत पुढे ढकलला आहे, आणि काकांनी बाल्कनी कोणाची मिळेल याची चौकशी सुरू केली आहे.